मोहाचे फूल आणि बाटलीवरील अक्षरे

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी हे गाव आहे. या जिल्ह्याच्या रानावनांत वसंत ऋतूत मोहाची फुले पहाटेस गळतात व लोक ती वेचून वाळवितात. वाळल्या फुलात निम्म्याहून अधिक शर्करा असते. म्हणूनच दुष्काळात ती गरिबांचे अन्न होत असत. तीच फुले आंबवून भट्टीवर चढविली म्हणजे त्यांचे मद्य होते.

सरकारचे लक्ष या मद्याकडे गेले ते प्रथम वसुलीच्या दृष्टीने. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला आणि १८९२ साली खुद्द मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा. भंडारा त्या काळी मध्यप्रांतात होता. तेथे १९१५ चा अबकारी कायदा लागू झाला. मद्याची तीव्रता मोजली जाई ती कर ठरविण्याकरिता. पिणाऱ्याच्या प्रकृतीचे काय होते, हे त्यास कळविण्याची तजवीज त्यात नव्हती.

ती तजवीज फार उशिरा आली. अमेरिकेत इशाऱ्याचा कायदा १९८८ साली झाला. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम २०१८ साली निघून १ एप्रिल २०१९ पासून अमलात आले. त्यांनी मद्यार्काचे प्रमाण व ‘मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे’ अशा अर्थाचा इशारा बाटलीवर सक्तीचा केला. मात्र पोषणमूल्ये छापण्यास मनाई केली. पुढे दुरुस्तीने केवळ ऊर्जेचा आकडा, तोही ऐच्छिक, छापण्याची मोकळीक मिळाली. या मनाईत तथ्य आहे. मद्यार्काच्या एका ग्रॅमपासून सुमारे सात कॅलरी ऊर्जा मिळते, परंतु तिला पोषण म्हणणे म्हणजे वाचकाची दिशाभूल होय. तथापि ऊर्जेचा आकडा मुळीच न सांगणे हेही अज्ञान राखणेच नव्हे काय?

याहून मोठी उणीव निराळीच आहे. इशारा इंग्रजीत छापावयाचा; राज्याने इच्छिल्यास तो तेथील भाषेत छापता येतो. परंतु चोरट्या भट्टीच्या दारूस चिठ्ठीच नसते, मग भाषा कोठून असणार? २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात मिथिल मद्यार्क मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांच्यापुढे वाचावयास एक अक्षरही नव्हते.

म्हणून कायद्याने चिठ्ठीवरील अक्षरे अवश्य मोठी व मराठी करावी; पण जेथे चिठ्ठी पोहोचत नाही तेथे शाळा, दवाखाना व ग्रामसभा यांनी ते शब्द बोलून दाखविले पाहिजेत.