पावसाळ्यात तडकलेली काडतुसे

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची हालचाल पावसाळ्यात मंदावत असे. तेवढ्यापुरती काडतुसे तबेल्यांत ठेवली जात. पाऊस सरल्यावर पाहावे तर अनेक पितळी पुंगळ्या तडकलेल्या. तडा बहुधा तोंडाशी, गोळी आवळून बसवलेली असते तिथे.

कोडे सुटले १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवले की दोषी दोन आहेत. पहिला, घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातला की गडद निळा रंग येतो, हे आपण वर्गात दाखवतोच. अमोनियाची तांब्याशी असलेली हीच सलगी दमट हवेत पितळाला भोवते. दुसरा दोषी धातूतच दडलेला ताण. पुंगळीच्या पितळात ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असते. त्याची चकती थंडपणीच टप्प्याटप्प्याने ओढून नळी करतात. धातू असा ताणला की कडक होतो (तार चार-सहा वेळा वाकवून पाहा) आणि आत ताण उरतो. ठोकून कडक झालेले भांडे तांबट पुन्हा भट्टीत घालतो, ते उगाच नव्हे. इथेही उपाय तोच निघाला: घडवल्यावर पुंगळी बेताने तापवणे. लष्करी काडतुसांच्या मानेवर कधी निळसर झाक दिसते, ती या तापवण्याची खूण.

अमेरिकेत झाडलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याची चाल एकोणिसाव्या शतकापासून आहे. तिथे हा प्रश्न जिवाशी येतो. आजच्या रायफलीत वायूचा दाब तीन हजार वातावरणांहून अधिक चढतो, आणि तो मागे नेमबाजाच्या डोळ्यांकडे येऊ न देणारे बूच म्हणजे ही पुंगळी. दर वेळी ती फुगते, साच्यात दाबली जाते, आणखी कडक होते. म्हणून जाणकार तिची मान तापवून नरम करतात. बूड मात्र कधीच नाही, कारण दाब झेलायला ते कडकच हवे. चकाकीसाठी अमोनियायुक्त पॉलिश वापरणे म्हणजे तबेला घरात आणणे!

पाऱ्याची गोष्ट याहून जुनी. बार पेटवणाऱ्या मिश्रणात तेव्हा मर्क्युरी फल्मिनेट असे. काळ्या दारूची राख भरपूर, तिच्यात सुटलेला पारा विखरून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली. तिची राख नाममात्र, त्यामुळे पारा सरळ पितळात मुरू लागला. पुंगळी दिसायला धड, पण ठिसूळ. पुन्हा भरणाऱ्याला फसवायला एवढे पुरे होते. पुढे फल्मिनेट मागे पडले. पारा मात्र पितळाची पाठ सोडीना: पितळात ताण उरला आहे का, हे तपासण्यासाठी वस्तू मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत रूढ झाली. ताण असेल तर वस्तू तडकते.