उतारवयातले कुत्रे आणि नवे धडे

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. म्हाताऱ्या कुत्र्याला नवे खेळ शिकवता येत नाहीत, अशा अर्थाची म्हण इंग्रजीतही आहे. तिचे मूळ सोळाव्या शतकात जॉन फिट्झहर्बर्ट याने लिहिलेल्या शेतीवरील पुस्तकात सापडते. तिथला संदर्भ मात्र अगदी व्यवहारातला आहे. मेंढपाळाने कुत्र्याला पिल्लू असतानाच शिकवावे, कारण वय झालेल्या कुत्र्याला नाक जमिनीला लावून माग काढायला शिकवणे कठीण जाते, एवढेच त्याचे सांगणे. एका विशिष्ट कामाबद्दलचे हे निरीक्षण पुढे सगळ्याच शिकण्याचा नियम होऊन बसले. कुत्र्यांवरून ते माणसांवर कधी आले, हे कळलेही नाही. शिक्षकांच्या खोलीत ‘आता याच्यात काही फरक पडायचा नाही’ हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकलेले असते.

ज्या देशांत बेवारस कुत्र्यांना आश्रयगृहांत ठेवतात, तिथे हा प्रश्न नुसत्या वादाचा नाही. घरी नेणारी माणसे बहुधा पिल्लू मागतात. सहा-सात वर्षांचा, कुणीतरी सोडून दिलेला, दचकणारा किंवा गुरगुरणारा कुत्रा मागे राहतो. एका अमेरिकी प्राणिकल्याण संस्थेच्या अंदाजानुसार 2011 मध्ये तेथील आश्रयगृहांत वर्षाला सुमारे 26 लाख कुत्री-मांजरे मारली जात. 2019 पर्यंत ही संख्या 9 लाख 20 हजारांच्या आसपास आली. कुत्रा ‘सुधारू शकतो की नाही’ याचे उत्तर त्याच्या जिवावर बेतणारे असते. म्हणूनच ते उत्तर कसे बदलत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात करू या टोनीपासून. टोनी हा ब्रिस्टलच्या कॉन्वी लॉइड मॉर्गन यांचा फॉक्स टेरियर जातीचा कुत्रा. बागेच्या फाटकाची कडी डोक्याने उचलून तो रस्त्यावर जाई. पाहुण्यांना वाटे, काय हुशार कुत्रा! पण मॉर्गन यांनी हा प्रकार पहिल्या दिवसापासून पाहिला होता. टोनी कुंपणाच्या गजांतून डोके बाहेर काढून रस्ता पाहत असे. एकदा योगायोगाने कडीखाली डोके गेले आणि फाटक उघडले. मग हळूहळू निष्फळ हालचाली गळून पडल्या आणि सुमारे तीन आठवड्यांनी तो थेट कडीकडे जाऊ लागला. फळ बघून हुशारी ठरवू नका, ती कशी आली तो प्रवास बघा, हा मॉर्गन यांचा आग्रह 1894 सालच्या त्यांच्या पुस्तकात आहे. चार वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरे, कुत्री आणि कोंबडीची पिल्ले कोड्याच्या पेट्यांत ठेवून बाहेर पडायला लागणारा वेळ मोजला. ज्या कृतीमागून समाधान येते ती कृती पक्की होते, हा त्यांचा ‘परिणामाचा नियम’.

प्रत्यक्ष कुत्री शिकवणाऱ्यांच्या जगात तेव्हा वेगळेच चालले होते. जर्मनीतील पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांचे पुस्तक 1910 साली आले. कुत्र्याला माणसासारखी नीती-अनीती कळत नाही, त्याला अपराधी वाटत नाही, तो फक्त कृती आणि परिणाम यांची सांगड घालतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. इथवर ते काळाच्या पुढे होते. पण साधने कोणती? काट्यांचा पट्टा, दोरीचा हिसका आणि छडी. पुढची साठ-सत्तर वर्षे ‘आज्ञाधारक कुत्रा’ म्हणजे बहुतांशी याच वाटेने तयार झालेला कुत्रा. अमेरिकेत विल्यम कोहलर यांच्या 1962 सालच्या पुस्तकाने तीच रीत घराघरांत नेली.

याला एक अपवाद झाला, आणि तो नेमका बेवारस कुत्र्यांच्या बाबतीत झाला. पहिल्या महायुद्धात खंदकांमधली टेलिफोनची तार तोफांनी तुटे आणि निरोप्या सैनिक मारला जाई. ब्रिटिश लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन यांनी 1916 च्या अखेरीस एअरडेल जातीचे दोन कुत्रे निरोपे म्हणून फ्रान्सला पाठवले. ते यशस्वी ठरल्यावर 1917 मध्ये शूबरीनेस येथे युद्धकुत्र्यांची शाळा निघाली. इतके कुत्रे आणायचे कुठून? पहिली तुकडी आली ती लंडनच्या बॅटरसी येथील श्वानगृहातून, म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्यांतून. मग बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, ब्रिस्टल, मँचेस्टर येथील श्वानगृहांतून कुत्री आली आणि पुढे पोलिसांनाही भटकी कुत्री धाडण्याचे आदेश निघाले. ही सगळी वाढलेली कुत्री होती, पिल्ले नव्हेत.

रिचर्डसन यांच्यापुढची अडचण मोठी बोलकी आहे. निरोप्या कुत्रा एकटा पळतो. दोन-तीन मैलांवर त्याच्या गळ्यात दोरी नसते, मागे छडी नसते. धाकाने शिकवलेला कुत्रा धाक संपला की थांबणार. म्हणून त्यांच्या शाळेत कुत्रा चुकला तर मारायचे नाही, त्याला परत जागेवर आणून पुन्हा दाखवायचे, आणि पोहोचला की कौतुक व खाऊ, अशी शिस्त होती. हे दयाळूपणाने केले असेलही, पण मला त्यात अधिक दिसते ती तर्कशुद्धता.

कुत्र्यांच्या मनावर बसलेल्या धक्क्याचा एक शास्त्रीय पुरावा थोड्याच वर्षांनी मिळाला, तोही अपघातानेच. लाळेच्या प्रयोगांमुळे इव्हान पाव्हलॉव्ह आपल्याला पाठ्यपुस्तकांतून माहीत असतात. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला पूर आला आणि त्यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांतच बुडता बुडता वाचली. पाणी ओसरल्यावर काही कुत्र्यांची पक्की झालेली अभिसंधाने नाहीशी झालेली आढळली. आठवडे गेले, हळूहळू ती परत आली. अशाच एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडे पाणी सोडले, तर पुन्हा सगळे बिघडले. आणि प्रयोग करणारा माणूस त्याच खोलीत सोबत बसला, तर प्रतिसाद परत येत. आज एखादा आश्रयगृहातला कुत्रा पहिले काही आठवडे काहीच शिकत नाही, तेव्हा तो मठ्ठ आहे असा निष्कर्ष काढण्याआधी हा पूर आठवावा.

पाव्हलॉव्ह यांच्याच प्रयोगशाळेतली आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची. घंटेनंतर अन्न देणे बंद केले की लाळ येणे थांबते, याला विलोपन म्हणतात. पण काही काळ मध्ये जाऊ दिला आणि पुन्हा घंटा वाजवली, की लाळ परत येते. म्हणजे जुने शिकणे पुसले जात नाही, ते नव्याखाली दबून राहते. पाटी पुसून नवे लिहावे तसे हे नसते. उतारवयातला कुत्रा शिकवताना खरी मेहनत पडते ती इथे. पिल्लाला फक्त शिकायचे असते. या कुत्र्याने मात्र हात उगारला की लपणे, दोरी दिसली की ओढणे, माणूस वाकला की दात दाखवणे हे वर्षानुवर्षे घोटून पक्के केलेले असते.

आता किताबांकडे वळू. न्यूयॉर्क राज्यातल्या हेलन व्हाइटहाउस वॉकर यांना पूडल कुत्र्यांचा शौक होता. पूडल म्हणजे नुसती केस कापून मिरवायची बाहुली, अशी लोक थट्टा करत. तिला उत्तर म्हणून त्यांनी ऑक्टोबर 1933 मध्ये माउंट किस्को येथे आज्ञापालनाची स्पर्धा भरवली. अवघी 8 कुत्री आली. 1936 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने हे नियम स्वीकारले. 1937 मध्ये वॉकर आणि त्यांच्या सहकारी ब्लांच सॉन्डर्स गाडीला फिरते घर जोडून तीन पूडलांसह सुमारे 10,000 मैल हिंडल्या आणि गावोगाव प्रात्यक्षिके केली.

या परीक्षेची रचना शिक्षकांना आवडेल. पहिला किताब ‘कम्पॅनियन डॉग’. एकूण गुण 200, उत्तीर्ण व्हायला 170, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक. आणि एकदा उत्तीर्ण होऊन भागत नाही, तीनदा व्हावे लागते. म्हणजे एका दिवसाचे नशीब उपयोगाचे नाही. अनेक दशके चाललेल्या नियमांत दोरीसह चालणे 40, दोरीशिवाय चालणे 40, हाक मारताच येणे 30, एक मिनिट बसून राहणे 30, तीन मिनिटे पडून राहणे 30, आणि उभे राहून परक्या परीक्षकाला अंगाला हात लावू देणे 30, अशी वाटणी होती. तपशील अलीकडे बदलले आहेत. वरच्या ‘युटिलिटी’ किताबात कुत्र्याला अनेक सारख्या वस्तूंतून मालकाचा वास असलेली वस्तू हुंगून आणावी लागते. फिट्झहर्बर्टला जे कठीण वाटले, ते नाकाचेच काम इथे सर्वांत वरच्या इयत्तेत आहे!

आश्रयगृहातल्या कुत्र्याला अवघड जाते ते परक्याचा हात लागणे. त्याला दोन मिनिटे चालायला शिकवणे सोपे, पण वाकून येणाऱ्या अनोळखी माणसासमोर स्थिर उभे करणे म्हणजे त्याच्या भीतीलाच हात घालणे. जबरदस्तीने हे होत नाही. माणूस दहा पावलांवर असताना खाऊ, मग आठ, मग पाच, असे अंतर तोडत जावे लागते. कुत्रा ताठरला की एक पाऊल मागे.

या पद्धतीमागचे शास्त्र बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेतून आले. 1951 मध्ये एका लोकप्रिय लेखात त्यांनी टिकटिक वाजणाऱ्या खेळण्याने कुत्रा कसा शिकवावा हे सांगितले होते. आवाज आणि लगेच खाऊ, असे काही वेळा केले की तो आवाजच ‘बरोबर!’ असे सांगू लागतो आणि योग्य क्षण अचूक टिपता येतो. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी हा व्यवसायच केला. तरी श्वानशिक्षकांनी चाळीस वर्षे याकडे पाठ फिरवली. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांचे 1984 सालचे पुस्तक आणि 1990 नंतरची प्रात्यक्षिके यांनी ही रीत रुळवली. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा बांधता येत नाही. पुन्हा रिचर्डसन यांचीच अडचण, आणि पुन्हा तेच उत्तर. स्पर्धेच्या रिंगणात मात्र खाऊ नेता येत नाही. त्यामुळे सरावातच खाऊ कधी दुसऱ्या, कधी पाचव्या, कधी दहाव्या कृतीनंतर असा विरळ करत न्यावा लागतो.

आता वयाचे. व्हिएन्नातील संशोधकांनी 5 महिने ते 13 वर्षे वयाच्या 95 बॉर्डर कॉली कुत्र्यांना पडद्यावरची चित्रे नाकाने निवडायला शिकवले. हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हाताऱ्या कुत्र्यांना शिकायला जास्त फेऱ्या लागल्या, ही म्हणीच्या बाजूची गोष्ट. पण ‘हे चित्र चूक असल्याचे ठाऊक आहे, म्हणजे ते नवे चित्र बरोबर असणार’ असे वगळून ठरवण्यात तीच सरस ठरली, आणि सहा महिन्यांनी घेतलेल्या स्मरणाच्या चाचणीत वयाचा फरक दिसलाच नाही. त्याआधी 2005 मध्ये 48 वयस्क बीगल कुत्र्यांवरील दोन वर्षांच्या प्रयोगात असे आढळले होते की सोबत, खेळणी व बौद्धिक सराव आणि त्याला योग्य आहाराची जोड मिळाली, तर शिकण्याची क्षमता बरीच टिकून राहते.

शरीराचे प्रश्न खरे आहेत. ‘बस’ म्हटल्यावर न बसणारा नऊ वर्षांचा कुत्रा हट्टी नसून त्याचे खुब्याचे सांधे दुखत असू शकतात. हाकेला न येणारा बहिरा होत चाललेला असू शकतो, मग त्याला हाताची खूण शिकवावी. अडथळ्यांची ‘अजिलिटी’ शर्यत 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात प्रथम झाली. तिच्या अमेरिकी नियमांत आता उडीची पट्टी चार इंच खाली घेण्याचा वेगळा वर्ग आहे.

एक दार मात्र फार उशिरा उघडले. कागदपत्रे नसली तरी शुद्ध जातीचा दिसणारा कुत्रा नसबंदी करून, छायाचित्रे पाठवून अमेरिकन केनेल क्लबच्या या स्पर्धांसाठी नोंदवता येई. मिश्र जातीच्या कुत्र्याला ती सोय नव्हती, त्याने किती का शिकलेले असेना. 1 एप्रिल 2010 पासून त्यांना प्रवेश मिळाला. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर अजिलिटी स्पर्धेचे विजेतेपद प्रथमच मिश्र जातीच्या कुत्र्याने पटकावले. तिचे नाव निंबल. अर्थात ती बॉर्डर कॉली आणि पॅपिलॉन यांची संतती. आश्रयगृहातून आलेल्या आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याची धाव सहसा तिथवर जात नाही. तो तीन वेगवेगळ्या दिवशी 170 गुण मिळवतो, आणि त्यांपैकी 30 गुण परक्या माणसाचा हात पाठीवर पडला तरी न हलल्याबद्दलचे असतात.