अंजन
डोळ्यांच्या कडांना लावण्याचे काळे प्रसाधन व नेत्रौषध. चरकसंहितेत सौवीरांजन रोज, तर स्राव काढण्यासाठी रसांजन पाचव्या वा आठव्या रात्री घालण्यास सांगितले आहे. प्राचीन ईजिप्तमधील सुरम्यात मुख्यत्वे गॅलिना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असे (पहा : शिसे). महाराष्ट्रातील घरगुती काजळ निराळे, आणि हा भेद आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा : तुपाच्या वा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून जमलेली काजळी तुपात खलतात, तिच्यात शिसे घालत नाहीत. शिसेयुक्त सुरम्याचा धोका मुलांना अधिक, कारण डोळे चोळलेले बोट तोंडात जाते; त्यातून रक्तक्षय व मेंदूच्या वाढीत अडथळा संभवतो (पहा : विषबाधा). रंगासाठी शिशाची संयुगे वापरलेल्या प्रसाधनांच्या उत्पादनास भारतात मनाई आहे. घरगुती काजळही अस्वच्छ बोटाने अर्भकाच्या डोळ्यात घातल्यास जंतुसंसर्ग होऊ शकतो.