बालकल्याणसेवा, ब्रिटनमधील युद्धकालीन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) ब्रिटनमधील स्थानिक स्वराज्य संस्थांनी केंद्रशासनाच्या साहाय्याने गर्भवती, माता व बालके यांच्यासाठी चालविलेल्या आरोग्य व कल्याण सेवा. केवळ निर्धनांना द्यावयाची मदत वय व गरज पाहून सर्वांना देण्याचे धोरण या काळात रुजले, हे त्यांचे ऐतिहासिक महत्त्व होय.

या सेवांचा पाया १९१८ च्या माता व बालकल्याण अधिनियमाने घातला होता. त्यानुसार स्थानिक संस्थांना बालकल्याण समित्या नेमाव्या लागल्या. परंतु बहुतेक सेवा ऐच्छिक राहिल्याने त्यांचा दर्जा गावोगावी भिन्न होता. शिशुचिकित्सालये आणि घरोघर भेटी देणाऱ्या आरोग्य-परिचारिका यांचे काम स्थानिक आरोग्याधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चाले.

हवाई हल्ल्यांच्या भीतीने १ सप्टेंबर १९३९ पासून सुमारे १५ लाख लोकांना शहरांतून ग्रामीण भागात हलविण्यात आले. त्यांत शाळकरी मुले व लहान मुलांसह माता यांचा मोठा भरणा होता. अनेक मुलांच्या अंगावर खरूज व डोक्यात उवा आढळल्या. अंथरूण ओले करण्याच्या सवयीबाबतही तक्रारी आल्या. प्रथम या गोष्टींचा दोष आईबापांना देण्यात आला. पुढे शहरी दारिद्र्य, दाटीची घरे व ताटातुटीचा मानसिक ताण यांकडे लक्ष वेधले गेले. यजमान घरांत सामावू न शकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. ऑक्सफर्डशरमधील अशा वसतिगृहांत डॉनल्ड विनिकॉट या मनोविकारतज्ज्ञाने सल्लागार म्हणून काम केले.

जुलै १९४० मध्ये गर्भवती, स्तनदा माता व पाच वर्षांखालील मुले यांना रोज एक पाइंट दूध अल्प दरात, तर गरजूंना विनामूल्य देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. १९४१ च्या अखेरीस तिला कॉड माशाच्या यकृताचे तेल व फळांचा रस यांची जोड मिळाली. शाळांतील भोजनाचा लाभ १९४५ मध्ये सुमारे १६ लाख मुले घेत होती. स्थानिक संस्थांनी घटसर्पाची लस विनामूल्य टोचण्याची मोहीमही राबविली. इंग्लंड व वेल्समध्ये १९४० साली या रोगाने सुमारे २,५०० मृत्यू झाले होते. १९४५ मध्ये ते ८०० हून कमी झाले. युद्धोद्योगांतील स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघरे उघडण्यात आली. युद्धानंतर केंद्रीय अनुदान घटताच त्यांतील पुष्कळशी बंद पडली.

इंग्लंड व वेल्समधील अर्भकमृत्युमान १९३९ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ५१ होते. बाँबहल्ल्यांच्या काळात, १९४१ मध्ये, ते ६० पर्यंत चढले. परंतु १९४५ मध्ये ४६ वर उतरले. याचे श्रेय एकट्या आरोग्यसेवांना देता येत नाही. वाढलेला रोजगार, अन्नधान्याचे समन्यायी नियंत्रित वाटप व सल्फा औषधे यांचाही त्यात वाटा होता. शिवाय गरीब व सधन कुटुंबांतील मृत्युमानाची तफावत नाहीशी झाली नाही.

पालकांपासून दूर ठेवलेल्या मुलांच्या देखरेखीतील ढिलाईही या काळात उघड झाली. १९४५ मध्ये एका पाल्य बालकाचा छळामुळे मृत्यू झाल्याने जनक्षोभ उसळला. कर्टिस समितीच्या १९४६ च्या अहवालानंतर १९४८ चा बालक अधिनियम संमत झाला व स्थानिक संस्थांवर स्वतंत्र बालक समिती आणि बालक अधिकारी नेमण्याचे बंधन आले. त्याच वर्षी ५ जुलैला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. युद्धकाळात तातडीचा उपाय म्हणून स्वीकारलेल्या सार्वत्रिक साहाय्याच्या तत्त्वाला तीत कायमचे स्थान मिळाले.