बाबागाडी : मुंबईच्या उपनगरांतील निवड

बाबागाडी : तान्ह्या किंवा लहान मुलाला निजवून वा बसवून ढकलत न्यायचे चाकांचे वाहन. मोठ्या टपाची, बाळाला आडवे निजवायची ती प्रॅम. बसायची आणि घडी होणारी ती स्ट्रोलर. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत गाडी निवडताना चाकांच्या आधी घडी पाहावी लागते, कारण दाराबाहेर पडल्यावर बराच वेळ बाळ एका कडेवर आणि गाडी दुसऱ्या हातात असते.

इंग्लंडमध्ये १७३३ साली विल्यम केंट याने ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मुलांसाठी केलेली गाडी शेळीने किंवा छोट्या घोड्याने ओढायची होती. आजची छत्रीसारखी मिटणारी गाडी १९६५ सालची. स्पिटफायर विमानाच्या चाकयंत्रणेवर काम केलेला अभियंता ओवेन मॅक्लारेन याने ती ॲल्युमिनियमची केली. वजन तीन किलोंहून कमी. उपनगरी बिऱ्हाडाला उपयोगी पडतो तो हा दुसरा वंश.

पहिली कसोटी जिना. लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्या मुलुंड-घाटकोपरला अजून पुष्कळ आहेत. तिथे कारसीट जोडता येणारी दहा-बारा किलोंची गाडी दुसऱ्या आठवड्यात जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी जाऊन बसते. सहा-सात किलोंच्या आतली, एका हाताने मिटणारी आणि मिटल्यावर उभी राहणारी गाडी घ्यावी. लिफ्ट असल्यास तिचे दार आणि आतली जागा टेपने मोजून मगच दुकानात जावे. आजी-आजोबाच रोज फिरवणार असतील तर दांड्याची उंची व घडीची कळ त्यांच्याच हातात देऊन पाहावी.

दुसरी कसोटी फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची उंची १५० मि.मी.हून जास्त नसावी आणि चालायला १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. प्रत्यक्षात पेव्हर ब्लॉक उचकटलेले, मध्येच फेरीवाला, पुढे दुचाकी. फुटपाथच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर आत जात नाही, या तक्रारीची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. जिथे व्हीलचेअर अडते तिथे रुंद बाबागाडीही अडते. बारीक, कडक प्लास्टिकची चाके ब्लॉकच्या फटीत रुततात. थोडी मोठी, रबरी चाके आणि पुढच्या चाकांना स्प्रिंग असेल तर बाळाच्या मानेला हिसके कमी बसतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या डांबरी रस्त्यावर किंवा नव्या संकुलाच्या पोडियमवर मात्र मोठी गाडीही सुखाने चालते.

रिक्षात मिटलेली गाडी पायांशीच ठेवावी लागते, म्हणून लांबलचक घडी गैरसोयीची. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो (२०१४) आणि दहिसर-अंधेरी मार्ग यांच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. तिथे बाळाला न उठवता जाता येते. लोकलच्या गर्दीच्या वेळी गाडी नेण्याचा विचारच करू नये; बाळ झोळीत बांधलेले बरे.

जून ते सप्टेंबर उपनगरांत दोन हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. कापड सुटे करून धुता येत नसेल तर गादीला बुरशी धरते. पावसाचे प्लास्टिक आवरण हवा खेळती ठेवणारे असावे. उन्हात गाडीवर दुपटे टाकून झाकण्याची सवय सोडावी, आत उष्मा झपाट्याने वाढतो. मच्छरदाणी मात्र हवीच.

मान धरत नाही तोवर पाठ जवळजवळ सपाट होणारीच गाडी चालते. बाळ आधाराशिवाय बसू लागल्यावर छत्री-गाडी. पट्टा पाच टोकांचा असावा. युरोपीय ईएन १८८८ मानकाचा पहिला भाग १५ किलोंपर्यंतच्या मुलांचा, दुसरा २२ किलोंपर्यंतच्यांचा. लेबलावर ते पाहावे. दांड्याला भाजीच्या पिशव्या लटकवल्या की हलकी गाडी मागे उलटते. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेनच्याच सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीवरची संरक्षक आवरणे द्यावी लागली. बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटली होती. घडी घालताना-उघडताना बाळाला हातभर दूर ठेवावे.

गाडी दोन-तीन वर्षांत निरुपयोगी होत असल्याने चुलत-मावस भावंडांकडून किंवा सोसायटीतून जुनी घेण्यात कमीपणा नाही. ब्रेक, घडीचे कुलूप आणि पट्ट्याचे बकल यांपैकी एकही सैल असेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.