चानो पोसो : कागदावर न उतरलेली विद्या

इतिहास लिहिताना आपण कागदपत्रांवर फार विसंबतो. ज्याच्या हातून कागदावर काहीच उतरले नाही, त्याचे श्रेय सहसा दुसऱ्याच्या खाती जमा होते. क्यूबाचा तालवादक चानो पोसो याचे चरित्र आम्हांला या दृष्टीने महत्त्वाचे वाटते.

लुसियानो पोसो गोन्सालेस याचा जन्म ७ जानेवारी १९१५ रोजी हवाना येथे, गरिबांच्या वस्तीत झाला. शिक्षण जवळजवळ नाहीच. पोरवयात काही काळ सुधारगृहात गेला. मात्र पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी धर्मविधींत जपलेले ताल त्याने कानांनी आत्मसात केले. कार्निव्हलच्या मिरवणुकांसाठी त्याने रचलेली गाणीही लोकप्रिय झाली.

१९४७ साली तो न्यूयॉर्कला आला. डिझी गिलेस्पी आपल्या जाझवृंदासाठी कोंगावादकाच्या शोधात होता. क्यूबन संगीतकार मारियो बाउसाने चानोचे नाव सुचविले. २९ सप्टेंबर १९४७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये तो या वृंदात वाजवीत होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'मान्तेका' ध्वनिमुद्रित झाले. चानोला स्वरलिपी येत नव्हती, इंग्रजीही जेमतेमच. बास, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांनी काय वाजवावे हे त्याने तोंडाने गाऊन दाखविले. मधला भाग गिलेस्पीने जोडला, वाद्यवृंदासाठी लेखन गिल फुलरने केले. जाझची झोके घेणारी लय आणि क्यूबाची सम अंतराची लय यांचा मेळ घालणे वादकांना सोपे नव्हते. या रचनेत दोन्ही नांदतात. रचनाकार म्हणून तिघांचीही नावे लागली.

२ डिसेंबर १९४८ रोजी हार्लेममधील एका मद्यगृहात गोळी लागून चानोचा मृत्यू झाला. वय अवघे ३३. गिलेस्पीच्या वृंदातील त्याचा काळ सव्वा वर्षाहून अधिक नव्हता. तरीही पुढे मोंगो सान्तामारिया, रे बारेटो यांसारख्या कोंगावादकांना जाझमध्ये स्थान मिळाले, त्याची वाट त्याने घातली होती.

तबल्याचे बोल गुरुमुखातून घेणाऱ्या आपल्या समाजाला हे परके वाटू नये. चानोचे श्रेय टिकले, कारण ध्वनिमुद्रिका निघाली आणि गिलेस्पीने ते मोकळेपणाने सांगितले. मात्र ज्यांच्याकडून त्याने ते ताल उचलले, त्या हवानाच्या वस्तीतील वादकांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. 'मान्तेका' ऐकताना त्यांचेही ऋण आपण मानले पाहिजे.