पाणी कुणाला द्यावे? ग्राफिक्स कार्डाच्या जलशीतनाचा इतिहास (धागा)

१/ नवा संगणक जुळवताना अनेकांना एक प्रश्न पडतो: पाण्याने थंड करण्याची सोय, म्हणजेच जलशीतन, केवळ ग्राफिक्स कार्डाला केले आणि प्रोसेसर पंख्यावरच ठेवला, तर काम अर्धवट राहते का? खर्च मोठा असल्याने निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. यासाठी इतिहास उपयोगी पडतो.

२/ आयबीएमने १९८० साली ३०८१ हा मेनफ्रेम संगणक जाहीर केला. त्यात सुमारे ९ सेंटिमीटर बाजूच्या सिरॅमिक पाटीवर शंभराहून अधिक चिप दाटीने बसवल्या होत्या. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या, मधल्या फटींत हेलियम वायू आणि वर थंड पाणी वाहणारी पाटी. पाण्याचा चिपला स्पर्शही होत नसे.

३/ हा खटाटोप कशासाठी? त्या काळचे बायपोलर ट्रान्झिस्टर सतत वीज खात. एवढ्याशा जागेत साठणारी उष्णता वाहून नेणे हवेच्या आवाक्यात नव्हते. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्व सर्किटे वीजरोधक द्रवातच बुडवलेली होती.

४/ मग सीमॉस तंत्र आले. त्याची विजेची भूक बरीच कमी होती. १९९४ पासून आयबीएमचे सीमॉस मेनफ्रेम हवेवर चालू लागले आणि पाण्याचे नळ निघाले. गरज संपताच अभियंत्यांनी पाण्याला निरोप दिला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

५/ पुढे वेग वाढला, तशी उष्णता परतली. जून २००४ मध्ये ॲपलने २.५ गिगाहर्ट्झचा पॉवर मॅक जी५ आणला. त्यातील दोन्ही प्रोसेसरांना द्रवशीतन होते, ग्राफिक्स कार्ड मात्र हवेवर. जिथे उष्णता, तिथेच द्रव. त्यांपैकी काही यंत्रांत कालांतराने द्रव गळून आतील भाग खराब झाले, हेही नोंदवायला हवे.

६/ दरम्यान उष्णतेचे केंद्र सरकत होते. १९९९ च्या जीफोर्स २५६ ला लहानसा पंखा पुरत असे. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राच्या पंख्याने दोन स्लॉटची जागा व्यापली. त्याचा आवाज इतका गाजला, की एनव्हिडियाने स्वतःचीच थट्टा करणारी चित्रफीत काढली.

७/ निर्णायक टप्पा एप्रिल २०१४ चा. एएमडीच्या रेडिऑन आर९ २९५एक्स२ या कार्डावर दोन चिप होत्या आणि विजेची मागणी सुमारे ५०० वॅट. कंपनीनेच चिपवर पंप बसवून सोबत १२० मिलिमीटरचा रेडिएटर दिला. वीज पुरवणाऱ्या भागांसाठी मात्र कार्डावर पंखा ठेवला. २०१५ चे आर९ फ्युरी एक्सही कारखान्यातूनच जलशीतनासह आले.

८/ म्हणजे ‘पाणी केवळ कार्डाला’ ही रचना कंपनीनेच बाजारात आणली होती. खरेदीदाराचा प्रोसेसर कसा थंड होतो, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. पुढे तफावत वाढतच गेली. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॅट आहे. खेळ चालू असताना घरगुती प्रोसेसर बहुधा याच्या निम्मीही वीज घेत नाही.

९/ या इतिहासातून निर्णयाचे तीन निकष हाती येतात.
पहिला: आपल्या यंत्रात सर्वाधिक उष्णता कोठे निर्माण होते?
दुसरा: बसवायचा ठोकळा चिपबरोबर मेमरी आणि वीजपुरवठ्याचे भागही झाकतो का? नसेल, तर त्यांना वारा कोठून मिळणार?
तिसरा: रेडिएटरची उष्ण हवा कोठे जाणार? पाणी उष्णता नष्ट करत नाही, ती केवळ दुसरीकडे नेते. मे महिन्यात नागपूरच्या खोलीत ४० अंश तापमान असेल, तर हे पाणी त्याहून थंड होऊ शकत नाही.

१०/ तेव्हा कार्डच सर्वाधिक तापत असेल आणि पंख्याचा आवाज किंवा तापमान खरोखर जाचत असेल, तर केवळ त्यालाच पाणी देण्यात काहीही अर्धवट नाही. अभियंत्यांनी वेळोवेळी हेच केले. परंतु पंखा काम निभावत असेल, तर १९९४ चा धडा आठवावा. गळतीचा धोका आणि कार्ड उघडल्यास हमी गमावण्याची शक्यता विनाकारण का पत्करावी? ते पैसे अधिक चांगल्या कार्डासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.